वजनाचं औषध सुरू करताय? काउंटरमागून सांगते, पायरीपायरीनं

नागपुरात मानेवाडा रोडवर माझं औषधांचं दुकान आहे. २०२५ च्या मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवायची इंजेक्शनं भारतात आली, तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीन जण तरी मोबाईलवर डब्याचा फोटो दाखवून विचारतात, "ताई, हे आहे का?" चिठ्ठी नसते. कुणाच्या भाचीचं लग्न दीड महिन्यावर आलेलं असतं, कुणाच्या जिममधल्या मित्राचं बारा किलो उतरलेलं असतं. मी नाही म्हणते, ते नाराज होतात, आणि पुढच्या चौकात कुणीतरी देईल या भीतीनं मला रात्री झोप लागत नाही.

ही औषधं वाईट नाहीत. योग्य माणसाला योग्य रीतीनं दिली तर गुडघे, साखर, बीपी, घोरणं, सगळ्यावर फरक पडतो. पण ती भूक कमी करतात, एवढंच. कमी झालेल्या भुकेत ताटात काय पडतं आणि अंगातले स्नायू टिकतात की जातात, हे तुमच्याच हातात राहतं. जेवढे घास कमी, तेवढा प्रत्येक घास मोलाचा. दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत हे सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी ठरवा, औषध आपल्यासाठी आहे का

किलोमधलं वजन घ्या आणि मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागा. उंची १६० सेंमी आणि वजन ७४ किलो असेल तर ७४ भागिले १.६, पुन्हा भागिले १.६, म्हणजे जवळजवळ २८.९. हा तुमचा बीएमआय. आपल्या लोकांत पोटावरची चरबी लवकर साठते आणि मधुमेहही लवकर गाठतो, म्हणून भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. सोबत टेपनं कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंमीच्या वर आणि बायकांची ८० च्या वर असेल तर बीएमआय बरा दिसत असला तरी निर्धास्त राहू नका.

औषधाची रेषा मात्र त्याहून वर आहे. वजनासाठीची इंजेक्शनं साधारणपणे बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त असलेल्यांसाठी असतात. मधुमेह, बीपी, कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडकणं यांपैकी काही सोबत असेल तर २७ पासून. वरच्या उदाहरणातल्या बाईंना बीपी असेल तर त्यांनी डॉक्टरांशी बोलायला हरकत नाही. बीएमआय २४ असलेल्या नवरीला लग्नाआधी पाच किलो उतरवायचे असतील, तर हे औषध तिच्यासाठी नाही. एवढं मी तिच्या आईसमोरही सांगते.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं

एमडी मेडिसिन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सचे डॉक्टर) गाठा. धंतोली-रामदासपेठेत खाजगी आहेतच. खर्च झेपत नसेल तर मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानमधल्या एम्सची ओपीडी आहे. सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक चूर्णसुद्धा. नुसती नावं तोंडी सांगू नका, पन्नास टक्के वेळा चुकतात.

काही गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी स्वतःहून सांगा. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झाला होता का. तसं असेल तर ही इंजेक्शनं देत नाहीत. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का. पित्ताशयात खडे आहेत का, कारण वजन भराभर उतरलं की खडे व्हायची शक्यता वाढते. मधुमेह जुना असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आधी करून घ्या. साखर एकदम खाली आली की आधीच बिघडलेल्या पडद्याला काही वेळा त्रास होतो. ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर त्यांचे डोस कमी करावे लागू शकतात, नाहीतर जेवण निम्मं झाल्यावर साखर घसरते.

बायकांसाठी आणखी एक, आणि हे दुकानात कुणी उघड विचारत नाही. गरोदरपणात आणि मूल अंगावर पीत असताना ही औषधं चालत नाहीत. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड (वेगोव्हीतलं औषध) किमान २ महिने आधी थांबवायला सांगतात. टिर्झेपाटाइड (माउंजारोतलं औषध) सुरू केल्यावर, आणि डोस वाढवल्यावर दर वेळी, पहिले ४ आठवडे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो. त्या काळात कंडोमसारखं दुसरं साधनही वापरा. पीसीओडीत वजन उतरलं की पाळी सुरळीत होते आणि अनपेक्षित दिवस जातात, हे मी पाहिलेलं आहे.

एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनी), लिव्हर, लिपिड (कोलेस्टेरॉल) आणि टीएसएच (थायरॉइड) या तपासण्या बहुतेक डॉक्टर सांगतातच. थायरॉइड कमी असूनही कळलेलं नसेल तर वजनाचं एक कारण तिथेच सापडतं. स्टेरॉइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधंही वजन वाढवतात, पण ती स्वतःच्या मनानं बंद करायची नाहीत.

कोणतं औषध, थोडक्यात

ऑर्लिस्टॅट ही गोळी जुनी आहे. जेवणातली साधारण ३० टक्के चरबी ती पचू देत नाही, ती शौचावाटे जाते. त्यामुळे तेलकट जेवलात तर संडासला धावावं लागतं. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही कमी शोषली जातात, म्हणून मल्टिव्हिटामिन रात्री झोपताना घ्यायचं, आणि थायरॉइडची गोळी तिच्यापासून ४ तास लांब.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं. जेवल्यावर आतड्यातून जे संप्रेरक मेंदूला 'पोट भरलं' असं कळवतं, त्याच्यासारखं काम ती करतात, आणि पोट हळू रिकामं होतं. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडच्या २.४ मिलिग्रॅम डोसवर ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, आणि टिर्झेपाटाइडच्या १५ मिलिग्रॅमवर ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास. आठवडे मोजा. हे दीड महिन्यात होणारं काम नाही, आणि त्या चाचण्यांत आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच दिलेला होता. रायबेल्सस ही सेमाग्लुटाइडची गोळी आपल्याकडे मधुमेहासाठी आहे, वजनासाठी नाही.

थायरॉक्सिन ही थायरॉइडची गोळी, जुलाबाच्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या ही वजनाची औषधं नाहीत. पहिलीनं हृदयाचे ठोके बिघडतात, बाकीच्यांनी फक्त पाणी जातं. 'शंभर टक्के हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंग कॅप्सूलपासूनही लांब राहा. अशा मालात सिब्युट्रामिन या भूक मारणाऱ्या जुन्या औषधाची भेसळ जगभर अनेकदा सापडली आहे. हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिकेत-युरोपात ते बाजारातून काढलं, आणि २०११ मध्ये आपल्याकडेही त्यावर बंदी आली.

खरेदी, फ्रीज आणि नागपूरचा मे महिना

चिठ्ठी दाखवून आणि बिल घेऊनच विकत घ्या. बिलावर बॅच नंबर असावा आणि तो डब्यावरच्या नंबराशी जुळावा. इन्स्टाग्रामवरून, जिममधून किंवा 'परदेशातून आणलंय' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. आत काय आहे हा एक प्रश्न, आणि ते किती दिवस डिक्कीत तापलं हा दुसरा.

न उघडलेलं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं. फ्रीजरमध्ये नाही, बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नाही. एकदा गोठलं तर वितळल्यावर चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. बाहेर ठेवायची वेळ आलीच तर ३० अंशांच्या आतच, आणि किती दिवस चालेल ते प्रत्येक ब्रँडच्या माहितीपत्रकात वेगळं आहे, ते वाचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि कूलर चालू असलेल्या खोलीतही ३० अंश मिळत नाहीत. दुकानात येताना थर्मास किंवा आइसपॅकची पिशवी आणा. आइसपॅक आणि डबा यांच्यात रुमाल घाला. गांधीबागेत बाकीची खरेदी उरकत दोन तास हिंडायचं असेल तर इंजेक्शन शेवटी घ्या. घरी वीज तासन्‌तास गेली तर फ्रीज उघडू नका आणि मला फोन करा, मी सांगते ठेवायचं की नाही. तुमच्या दुकानदारानंही एवढं सांगायला हवं, ते त्याचं काम आहे.

टोचायचं कसं, डोस किती

सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि दर ४ आठवड्यांनी ०.५, १, १.७ असं चढत २.४ पर्यंत जातं. टिर्झेपाटाइड २.५ पासून, ४ आठवड्यांनी ५, पुढे गरजेप्रमाणे किमान ४-४ आठवड्यांच्या अंतरानं २.५ नी वाढ, आणि १५ वर थांबतं. पहिला डोस वजन उतरवण्यासाठी नसतोच. पोटाला सवय व्हावी म्हणून तो असतो. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून डोस दुप्पट करणाऱ्यांनाच सगळ्यात जास्त उलट्या होतात. कमी डोसवर वजन नीट उतरत असेल तर वर जायची गरजही नसते.

आठवड्याचा एक वार पक्का करा. मी तरी शुक्रवार किंवा शनिवार सुचवते, म्हणजे मळमळ झालीच तर सुट्टीत होते. पोट (बेंबीपासून दोन बोटं सोडून), मांडी किंवा दंड, दर वेळी जागा बदलायची. सुई दर वेळी नवी. पेन नवरा-बायकोनंसुद्धा वाटून घ्यायचं नाही. कुपीतून सिरिंजनं काढायचं असेल तर पहिल्यांदा डॉक्टरांसमोर किंवा नर्ससमोर काढा. इन्शुलिनच्या सिरिंजवरचे युनिट आणि औषधाचे मिलिग्रॅम एक नाहीत, आणि इथली चूक दसपट डोसापर्यंत जाऊ शकते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण घट्ट लावा. कचरा गाडीतल्या माणसाच्या हाताला त्या लागू नयेत.

डोस चुकला तर दोन डोस एकत्र घ्यायचे नाहीत. सलग दोन-तीन आठवडे चुकले तर होता तिथूनच पुढे चालू करू नका, डॉक्टरांना विचारा. बऱ्याचदा खालून सुरू करावं लागतं.

ताटात काय

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून भूक खरोखर जाते. मग लोक काय करतात? सकाळी चहा-टोस्ट, दुपारी दोन घास भात, रात्री "नको वाटतंय". वजन उतरतं आणि सगळे वाहवा करतात. तीन महिन्यांनी केस गळतात, जिना चढताना पाय थरथरतात, चेहरा ओघळतो. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात, साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त. तो हिस्सा कमी ठेवायचा असेल तर प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम, याशिवाय मार्ग नाही.

सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं हवीत. किडनीचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच. आपल्याच स्वयंपाकघरात हिशोब लावू. सकाळी दोन अंडी, १२ ग्रॅम. दुपारी ज्वारीची एक भाकर, घट्ट वरणाची वाटी आणि दह्याची वाटी मिळून १५-१६. चार वाजता मूठभर फुटाणे, ६. रात्री ४० ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी, २०. किंवा मांसाहारी असाल तर १०० ग्रॅम चिकन, २५ च्या पुढे. झोपायच्या आधी कपभर दूध, ६-७. अंडी चालत नसतील तर मूगडाळीचं धिरडं आणि पनीर. जेवायला बसलात की आधी वरण, अंडी, चिकन, दही खायचं, मग भाजी, आणि भात-भाकर शेवटी. पोट मध्येच 'पुरे' म्हणालं तर मागे राहिला तो भात राहील.

तर्री पोहे सोडा असं मी सांगणार नाही, नागपुरात राहून कोण ऐकेल! हरभरे जास्त घ्या, पोहे निम्मे, आणि वरची लाल तर्री बाजूला. पाटवडी बेसनाची, म्हणजे चांगलीच. रश्शावरचं तेल काढून खा. सावजी मात्र सुरुवातीचे महिने, आणि डोस वाढवल्यावरचे आठ-दहा दिवस, खरोखर टाळा. पोट आधीच हळू रिकामं होतंय, त्यात इतकं तेल-तिखट गेलं की रात्रभर आंबट ढेकर, मळमळ, उलटी. थंडीतल्या भरीत पार्टीत भरीत खा, तेलाची धार कमी घाला म्हणून सांगा. तळलेली सांबारवडी (कोथिंबिरीची) एखादी. संत्रं सोलून खा, रस काढून नाही. चोथा बद्धकोष्ठाला उपयोगी पडतो. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला पहिल्यांदाच हात आडवा करा, आग्रहाला बळी पडून ताट भरलं की पुढचे सहा तास त्रास तुम्हालाच होतो.

उपवासाचं वेगळं सांगते. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. साबुदाणा खिचडीत पिठूळ भाग आणि तूप भरपूर, प्रथिनं फक्त दाण्यांची. राजगिऱ्याची भाकर, दही, शेंगदाण्याची आमटी, दूध यांवर उपवास करा. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असेल तर उपवासाच्या किंवा रोज्याच्या आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अन्न सोडू नका.

पाणी

माझ्या भासऱ्यांनी (नवऱ्याच्या मोठ्या भावानं) मला न सांगता हे इंजेक्शन घेतलं होतं. ओळखीच्या माणसाकडून, सुरुवातच ५ मिलिग्रॅमनं, मे महिन्यात. दोन दिवस उलट्या. पाणी पोटात ठरत नव्हतं आणि बीपीची गोळी, जिच्यात लघवीचं औषध मिसळलेलं असतं, ती नेमानं चालू. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली. दवाखान्यात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, तीन दिवस सलाइन. ते बरे झाले. पण ज्या घरात मी रोज जाते त्याच घरातल्या फ्रीजमध्ये तो डबा होता, आणि मला ठाऊक नव्हतं. हा लेख त्यामुळेही आहे.

या औषधांनी भुकेबरोबर तहानही कमी जाणवते. म्हणून तहान लागायची वाट न पाहता घड्याळ लावून प्या, उन्हाळ्यात दिवसाला अडीच-तीन लिटर; हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढं. ताक, पन्हं बिनसाखरेचं किंवा अगदी कमी गुळाचं, लिंबूपाणी. उलटी-जुलाब लागले तर ओआरएस, पुडीवर लिहिलंय तितक्याच पाण्यात, घोट घोट. त्या दिवसांत लघवी वाढवणारी बीपीची गोळी, मेटफॉर्मिन आणि नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या साखरेच्या गोळ्या चालू ठेवायच्या का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. बद्धकोष्ठ झालं तर इसबगोल भरपूर पाण्याबरोबर. पाणी कमी पडलं तर त्यानं उलट जास्त अडकतं.

व्यायाम

चालणं चांगलं. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, घराजवळचं मैदान, जिथे जमेल तिथे. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहाच्या आत घरी परत.

पण नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत, आणि हेच बहुतेक जण सोडून देतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस वीस मिनिटं घरी कूलरसमोर करा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १० वेळा. भिंतीला हात लावून दंड १० वेळा. लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या हातात धरून खांद्यापर्यंत उचलणं. टाचा उचलून उभं राहणं. सगळ्याचे दोन फेरे, पंधरवड्यानं तीन. सोपं वाटायला लागलं की वजन वाढवा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. ज्यांचं वय साठीच्या पुढे आहे त्यांनी एक वेळ चालणं चुकवलं तरी चालेल, हे चुकवू नका. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी मळमळ असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्या.

वाट न पाहता दवाखाना गाठायचा तो केव्हा

पोटात सतत जोराचं दुखणं, पाठीकडे जाणारं, उलटीसह. उजव्या बरगडीखाली दुखून ताप येणं किंवा डोळे पिवळे होणं. दिवसभर काहीच पोटात न ठरणं, सात-आठ तास लघवी न होणं. अचानक नजर धूसर होणं. ओठ-चेहरा सुजणं, श्वास लागणं. घाम, थरथर, डोकं गरगरणं हे साखर घसरल्याचं असू शकतं. आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्या, मग निघा. मन सतत उदास राहत असेल तर तेही सांगा, ते किरकोळ नाही. ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनबद्दल आधीच कळलं पाहिजे, कारण उपाशी असूनही पोटात अन्न राहिलेलं असू शकतं.

दुष्परिणाम झाला तर भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर तुम्ही स्वतःही कळवू शकता.

मोजमाप आणि थांबवणं

वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी. कंबर महिन्यातून एकदा. ७४ किलोच्या माणसाचे ३.७ किलो उतरले तर ५ टक्के झाले, आणि साखर-बीपीवर फरक तिथूनच दिसू लागतो. बीपी आणि साखर घरी मोजत राहा; वजन उतरलं की जुने डोस जास्त होतात आणि उठताना अंधारी येते. पूर्ण डोसवर बरेच महिने होऊनही ५ टक्केसुद्धा उतरले नाहीत, तर पैसे घालवत बसू नका, डॉक्टरांशी पुन्हा बोला.

आता खर्च. महिन्याला हजारोंत जातो, त्यामुळे बंद करायची वेळ अनेकांवर येते. सेमाग्लुटाइडच्या एका चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. म्हणून किती महिने परवडेल याचा हिशोब सुरू करतानाच डॉक्टरांसमोर मांडा. मधेच पैसे संपले म्हणून एकदम तोडण्यापेक्षा कधी, कसं कमी करायचं हे ठरवून केलेलं बरं. आणि शेवटचं इंजेक्शन झाल्यावर वजनकाटा माळ्यावर टाकू नका. भूक तीन-चार आठवड्यांत परतते. त्या वेळी सकाळची अंडी, चारचे फुटाणे आणि खुर्चीचा व्यायाम आहे तसा चालू ठेवा, दर रविवारी वजन वहीत लिहा, आणि तीन किलो वाढले की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. दहा वाढेपर्यंत थांबू नका.